समुद्राकडची जागा आणि माझं ‘हाव’

“तोंडावर हावरट म्हणता आणि वर आवाज चढवता?” पुण्याच्या सुलभाताई कमरेवर हात ठेवून मला विचारत होत्या.

“मी कुणाला हावरट म्हणले न्हाई! कशाला खोटं बोलायलात?” मी काय गप्प बसणारी आहे होय!

तारकर्लीच्या किनाऱ्यावर आमच्या दोघींच्या कॅरॅव्हॅन शेजारी-शेजारी लागल्या, तिथंच आमची गट्टी जमली. त्यांनी सोलकढी पाजली, मी शेंगांची चटणी दिली. पुढं गोव्यापर्यंत सोबत जायचंही ठरलं. अन् सकाळी बघते तर बाई रुसून आम्हाला सोडून निघायच्या तयारीत!

“काल मी साधं विचारलं, समुद्राकडच्या जागेवर आमची गाडी लावू का? तर तुम्ही म्हणालात, हाव!”

“म्हणले की! दोनदा म्हणले!”

“बघा, कबूलही करतायत!” त्यांनी नवऱ्याला साक्षीला घेतलं.

माझा लेक गाडीत पोट धरून हसायला लागला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“अहो बाई, आमच्या उदगिरात ‘हो’ला ‘हाव’ म्हणतेत!”

“मग हाव सुटली तर काय म्हणता?”

“तसं म्हणायची आमच्याकडं कुणावर पाळीच येत न्हाई.”

त्यांच्या ओठात हसू आलं, पण बाई ते दाबून उभ्याच. मी तव्यावरचं गरम धपाटं ताटात काढलं अन् विचारलं, “खाणार का? अन् हाव म्हणल्याबिगर ताट मिळणार न्हाई.”