दोन खात्यांचा एकच मोहतमीम

...अहो, पण एका माणसाच्या अंगावर दोन खाती टाकताना हैदराबादेतल्या त्या हुकूमबहाद्दरांनी डोळे उघडे ठेवायला नकोत? वर्तमानपत्रात ओरडून ओरडून घसा बसला माझा! आमच्या दवाखान्यात नर्सबायांवरचा मोहतमीम, म्हणजे देखरेखीचा साहेब, पेन्शनीत गेला, तर त्याची जागा कुणाला? तनखा, म्हणजे पगार, वाटणाऱ्या गहिनीनाथरावाला! म्हणजे रोगी दगावला, जबाबदार कोण? गहिनीनाथराव! कुणाचा तनखा बुडाला, जबाबदार कोण? गहिनीनाथराव!

तुम्हाला सांगतो, तनख्याच्या दिवशी बिचाऱ्याची पहाटेपासून धावपळ! कायदा असा, की बाजारापलीकडच्या कचेरीत, मेजासमोर जातीनं उभं राहून अंगठा द्यायचा. पैशाची पेटी कचेरीबाहेर हलवायची नाही, आणि दुपारच्या अजानीला बंद. दुसरा कायदा, तापाच्या रोग्याजवळून नर्सबाईनं हलायचं नाही. दोन्ही हुकमांखाली सही? गहिनीनाथराव!

परवा सगळ्या नर्सबायांचं वाटून झालं, राहिली एकटी सुंदरबाई, नेकनूरच्या बायडाबाईच्या उशाशी. बायडाबाई तापानं फणफणलेली. हा दवाखान्यात आला तशी सुंदरबाई म्हणते कशी, "सायेब, घरात दाणा न्हाई. लेकरांना काय तुमचा हुकूम खाऊ घालू?"

हा म्हणाला, "जा बाई, मी बसतो हितं." आणि बसला रोग्याला चमच्यानं पाणी पाजत. सुंदरबाई पळत गेली... आणि पळत परत!

"सायेब, मेजावर कुणीच न्हाई!"

"कावून न्हाई? कुठं उलथला मोहतमीम?"

"हितंच हाय की तुमी!"

झालं! हा कचेरीकडं धावला, तर ती रोग्याजवळ अडकली. ती निघाली, तर हा अडकला... आणि अजान तोंडावर आलेली! शेवटी बायडाबाईच करवादली, "आरं, मलाच उचला की, मुडद्यांनो!"

चौघांनी खाट उचलली, सुंदरबाई उशाशी, आणि गहिनीनाथराव पाण्याचं मडकं घेऊन सगळ्यांत पुढं! बाजारात माणसांनी हात जोडले, बायांनी गळा काढला. बायडाबाई ताडकन उठून बसली, "जित्ती हाय मी! तनख्याला चाललेय!"

कचेरीत सुंदरबाईचा अंगठा उठला, अजानीला अजून दोन मिनिटं होती. आता शेवटचं नाव, गहिनीनाथराव. पण कायद्यानं मेजासमोर उभं राहायचं, आणि हा तर मेजामागं बसलेला! पुढं यावं, तर मागं वाटणारा कुणी नाही, आणि तेवढ्यात अजान झाली! स्वतःच्या हातानं स्वतःला गैरहजर लिहिलं हो माणसानं!

मग तनखा मिळावा म्हणून स्वतःलाच अर्ज केला... 'मेहेरबान मोहतमीम साहेब.' वाचला, डोळे पुसले, आणि नामंजूर केला.

मी भडकलो, "अरे, मंजूर करायला कोण अडवत होतं तुला?"

म्हणाला, "केला असता बाबा... पण उद्या विचारलं, तर जबाबदार कोण?"