एकतीस तारखेची 'रेचल'

रुचिता : काका, कितीदा बघू? पंचवीस ते एकतीस मे, एवढ्या दिवसांत धक्क्याला परत आलेल्या बोटी कॉम्प्युटरला मागितल्या. आल्या अठ्ठ्याऐंशी. तुमची 'रेचल' त्यात नाहीच.

सेबॅस्टियन : न्हाय कशी? एकतीसच्या सांजेला लावली. इथंच, या खिडकीत, नाव तूच टाकलंस.

रुचिता : मी रोज पन्नास नावं टाकते. कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे एक जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली तेव्हा तुम्ही समुद्रातच होतात. मच्छीमार सोसायटीची नोटीस गेलीय. आता लायसन जाईल, मी काय करणार?

सेबॅस्टियन : तूच केलंस. नाव खोडलंस माझं. जितेंद्रनं सांगितलं ना? त्याच्या बोटीला धक्क्यावरची माझी जागा पाहिजे, ठाऊक हाय मला.

रुचिता : काहीही बोलू नका हां! मी भाईंदर वेस्टवरून बसने येते. तुमच्या उत्तनच्या भांडणात मला काय इंटरेस्ट?

सेबॅस्टियन : चोराच्या मनात चांदणं.

रुचिता : मग गाव तुमच्याबद्दल काय बोलतंय, ते सांगू? तीसला वारा सुटला, सगळे परतले. तुम्हीच तेवढे मागे का राहिलात?

सेबॅस्टियन : मी एकटा न्हाय. माझ्या मागंच चेअरमनची 'दिव्या' लागली. तिचा दोर मीच धरला. तिला नोटीस?

रुचिता : ती... ती पण यादीत नव्हती. साहेब म्हणाले, काहीतरी चूक असेल, बाजूला ठेव.

सेबॅस्टियन : चेअरमनची ती चूक. माझा गुन्हा!

रुचिता : थांबा. दोघं एकतीसलाच आलात?

(ती 'पर्यंत'ची तारीख एक जून करते आणि पुन्हा शोधते. यादी शेवटपर्यंत खाली सरकवते.)

सेबॅस्टियन : काय झालं?

रुचिता : नव्वद. 'रेचल', एकतीस मे, संध्याकाळी सहा दहा. 'दिव्या', सहा पंचवीस. काका, मी एकतीसपर्यंत मागितलं, मला वाटलं अख्खा दिवस येईल. पण वेळ टाकली नाही, तर कॉम्प्युटर एकतीस उजाडायच्या आधीच थांबतो, तीसच्या रात्री बाराच्या ठोक्याला. पूर्ण दिवस गळला.

सेबॅस्टियन : म्हणजे खोडलं कुणीच न्हाय?

रुचिता : कुणीच नाही. चुकले मी. नोटीस आजच मागे घ्यायला लावते, पत्र घरी आणून देते.

सेबॅस्टियन : घरी नको. नोटीस फळ्यावर लावलेली ना? पत्र पण तिथंच लाव. रविवारी चर्चमधल्या मिसाआधी.

रुचिता : लावते. नक्की.

सेबॅस्टियन : आणि पोरी, जितेंद्रला मी भर धक्क्यावर चोर म्हटलं. ते कुठल्या फळ्यावर लावू?