दगड कुठे पळून जातायत?

...आणि नीम शहरात काय पाहिलं, असं विचारता? खारवलेल्या माशाचं लोण्यासारखं घोटलेलं कालवण पाहिलं. अगदी जवळून, दोनदा वाढून घेऊन पाहिलं. दोन हजार वर्षांचं रोमन रिंगण समोर उभं, रस्ता ओलांडला की आत; पण आमच्या आन्सेल्मनं घड्याळाकडे नजर टाकली, रुमाल गळ्याशी खोचला आणि म्हणाला, "आधी जेवून घेऊ, ह्यूगेत. दगड कुठे पळून जातायत?"

तुम्हाला सांगते, नवरा निवडताना घराणं बघावं, नोकरी बघावी, पण सर्वांत आधी त्याला भूक किती वाजता लागते ते बघावं. माझ्या आईनं ते बघितलं नाही. आन्सेल्मला बाराला लागते. चर्चची घंटा एखादे वेळी मागेपुढे होईल, हा होणार नाही. आर्लला बैलाच्या मांसाचा रस्सा आणि भात झाला, पेझनासला साखर घातलेल्या मटणाच्या, दोऱ्याच्या रिळाएवढ्या कचोऱ्या झाल्या, आणि जेवणानंतर ऊन इतकं चढलेलं असे, की सावलीत डोळे मिटून पडण्यापलीकडे दुसरा इतिहास उरत नसे. जेवण वाईट होतं असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण मी काय जेवायला निघाले होते?

मी निघाले होते सां-मोरिलच्या देवदूतासाठी. माझ्या चुलीवरच्या भिंतीला एक चित्राचं पोस्टकार्ड लावलेलं आहे, थोरल्या बहिणीनं पाठवलेलं, वाफेनं पिवळं पडलेलं. मठाच्या ओवरीतला एक खांब, त्याच्या माथ्यावर कोरलेला देवदूत. पंख पसरलेले, चेहरा गंभीर, आणि उजवा हात खाली कुणाच्या तरी डोक्यावर टेकलेला. ते डोकं कुणाचं, हे कार्डात येत नाही. खांब तिथं वळतो. पण आशीर्वाद देतोय हे आंधळ्यालाही कळेल. चाळीस वर्षं, आन्सेल्मशी वाजलं की मी त्या देवदूताकडे दाद मागत आले. घरात निःपक्षपाती असं दुसरं होतं कोण?

दर उन्हाळ्यात म्हणायचे, सां-मोरिलला जाऊ. दर उन्हाळ्यात तो म्हणायचा, समुद्रावर जाऊ, दगड कुठे पळून जातायत? आणि यंदा कळलं, की पळून जातायत! ओवरीची डागडुजी निघाली; परांची बांधणारे येणार, मग काही वर्षं दार बंद. माझे गुडघे तेवढी वर्षं थांबतील का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून हा प्रवास, म्हणून शेवटच्या दिवशी मी गाडीत बसण्याआधीच बजावलं, "आज आधी देवदूत. मग जेवण." आन्सेल्म निमूटपणे "बरं" म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

वाटेत बाजार लागला. "फक्त एक खरबूज घेतो, परतताना गाडीत खाऊ." आता आपल्याकडे खरबूजवाला खरबूज देतो का हो? तो आधी चौकशी करतो. "आज दुपारी खायचं की रात्री?" आन्सेल्मनं अपराध्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दुपारी." झालं! मग ते दोघे एकेक फळ उचलून बुडाशी हुंगतायत, देठ दाबतायत, हे फळ चारपर्यंत थांबेल पण चव जाईल, ते बाराला उत्तम पण साडेबाराला उतरेल... रोग्याच्या उशाशी दोन वैद्य बसावेत तसे. मी गाडीत बसून घामानं भिजत होते.

सां-मोरिलला पोहोचलो तो घंटा पडत होती. दाराशी राखणदार बाई, मादाम बार्तास, कुलपात किल्ली फिरवताहेत. मी म्हटलं, "मादाम, दोन मिनिटं. एकच खांब बघायचाय."

"बारा ते दोन बंद," त्या म्हणाल्या. "आणि दोनला परांचीवाले येतील, म्हणजे नंतरही बंद. सकाळभर मी इथंच होते, मादाम. माश्या मोजत होते."

खरबूज छातीशी धरून आन्सेल्म मागे उभा. त्याला मी अशा नजरेनं पाहिलं, की चाळीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. आणि मादाम बार्तास? त्या मला पाहतच नव्हत्या. त्या खरबुजाला पाहत होत्या. पुढे आल्या, हुंगलं, अंगठ्यानं बूड दाबलं, आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "हे आजच दुपारचं आहे."

"बाराचं," आन्सेल्म नम्रपणे म्हणाला.

"माझ्याकडे खारवलेलं डुकराचं मांस आहे, कापलेलं. त्याच्या जोडीला खरबूज नाही." किल्ली उलट फिरली. "मी आत ओवरीतच जेवते. सावली असते. या."

अशी मी आत गेले! देवदूत दिसला, खांब दहा पावलांवर, मी निघालेच... "बसा, मादाम. ताट वाढल्यावर उठतं का कुणी?" आणि मान्य करते, उठत नाही; मी जन्मभर मुलांना तेच शिकवलं. बसले. कुठे? देवदूताकडे पाठ करून, कारण पाहुण्याचं आसन तेच. मांस झालं, खरबूज झालं, पाव, चीज, पीच... आणि सांगते, तसं खरबूज मी आयुष्यात खाल्लं नाही. हे आन्सेल्मला सांगू नका.

पावणेदोनला सुटका झाली. खांबाशी गेले. तोच चेहरा, तेच पंख, तोच हात. मग खांबाला वळसा घातला, चाळीस वर्षं कार्डात न आलेली बाजू पाहायला. तर तो हात डोक्यावर टेकलेला नाहीच! त्यानं एका म्हाताऱ्याची शेंडी धरून त्याला उचललाय. म्हाताऱ्याच्या एका हातात पावाची टोपली, दुसऱ्यात वाफाळती हंडी, आणि पलीकडे सिंहांच्या गुहेत टाकलेला बायबलातला दानिएल, भुकेला, वाट बघतोय.

"संदेष्टा हबक्कूक," तोंड पुसत मादाम बार्तास म्हणाल्या. "शेतावर जेवण घेऊन चालला होता. देवदूतानं केसाला धरून उडवत नेला. जेवण निवायच्या आत दानिएलला पोहोचवायला."

आन्सेल्मनं टोपी काढली, देवदूताला लवून नमस्कार केला आणि परत डोक्यावर ठेवली.

कार्ड आहे अजून चुलीवर. पण आता सांगा, मी तक्रार करायची कुणाकडे? चाळीस वर्षं ज्याच्यापुढे गाऱ्हाणी मांडली, तो पहिल्यापासून आन्सेल्मच्याच बाजूचा निघाला!