चढाचं गणित

(बाबा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. जागे की झोपलेले, कळत नाही.)

ताई : आणि तू त्यांना बाथरूमच्या फरशीवर तसंच ठेवलंस?

धाकटा : ठेवलं नाही. ते पडलेच होते. मला फक्त उचलता आलं नाही.

ताई : सायकलवर घाट चढतोस ना रे? शर्यती मारतोस?

धाकटा : घाट उचलावा लागत नाही, ताई.

ताई : मग केलंस काय?

धाकटा : उशी दिली. पांघरूण घातलं. शेजारचा गवंडी कामावरून येईपर्यंत गप्पा मारल्या. बेसिनची खालची बाजू आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, बाबा म्हणाले.

ताई : व्यायामशाळा चालवते मी! दुनियेला वजनं उचलायला लावते, आणि माझ्या भावाला आपला बाप उचलवत नाही. किती वर्षं बोंबलतेय, आठवड्यातून दोनदा वजनांचा दांडा उचल. नुसत्या सायकलनं पाठ मजबूत होत नाही, हाडं होत नाहीत. चढावरसुद्धा जोर वाढला असता तुझा.

धाकटा : आणि वजन? चढावर ग्रॅम-ग्रॅम मोजतो आम्ही.

ताई : माहितीय. टूथब्रशचा दांडा अर्धा कापलायस.

धाकटा : तो फक्त प्रवासातला.

ताई : ऐक. गवंड्याचं इथलं काम संपलं, तो चालला. मी राहते चार तासांवर. यापुढे बाबांना पलंगावरून खुर्चीत तूच घेणार. आजपासून उठाबशा. पाण्याचा कॅन घे, आधी अर्धा भर, मग पूर्ण. गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. दोन-तीन महिन्यांत जमेल.

धाकटा : एवढं नको. मी सुरुवात केलीय.

ताई : कशाची?

धाकटा : चढाचं साधं गणित आहे. जोर वाढत नसेल, तर वजन उतरवायचं.

ताई : तुझं आणखी काय उतरायचंय? नुसती हाडं राहिलीत.

धाकटा : माझं नाही.

ताई : ...बाबांचं ताट कमी केलंस तू?

धाकटा : पाऊण. हळूहळू. एकदम केलं तर अशक्तपणा येतो.

ताई : अरे, अर्धं अंग गेलेला माणूस आहे तो!

बाबा : ओरडू नकोस त्याच्यावर.

ताई : बाबा, तुम्ही जागे आहात? हा तुम्हाला उपाशी मारतोय!

बाबा : तो पाऊण ताट देतो. त्यातलं निम्मं मी कावळ्यांना टाकतो.

धाकटा : काय?

बाबा : खिडकी हाताशी आहे ना. उजवा हात चालतो.

ताई : पण का?

बाबा : त्या दिवशी मला उचलताना ह्याच्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. मी ऐकलं. शर्यत तोंडावर आलीय पोराची.

धाकटा : बाबा, शर्यत गेली खड्ड्यात. मी कॅन भरतो. आत्ता भरतो. आणि पूर्ण ताट आणतो. तुम्ही खा, हवे तेवढे जड व्हा. मी उचलीन.

बाबा : आण की. रागावू नकोस, पण हल्ली भूकच लागत नाही रे.