त्यागमूर्ती आत्या

दारावरची पाटी कोरून घ्यायला मी दुकानात थांबले होते. माझ्यापुढे एक बाई आणि त्यांची भाची होती. बाई नोकरीतून निवृत्त होत होत्या, म्हणून घरच्यांनी त्यांच्यासाठी मानचिन्ह करायला टाकलं होतं.

"यातलं ते 'त्यागमूर्ती' तेवढं काढा हो."

"काय गं आत्या! आमच्या घरासाठी तू लग्न केलं नाहीस."

"मला करायचंच नव्हतं."

"म्हणजे? एवढी चांगली स्थळं आली होती ना?"

"आली, नाही म्हटलं, आणि गाढ झोपले. हवं असलेलं सोडलं तर त्याग. मला नकोच होतं, तर त्याग कसला?"

"अगं, मग बाबांना सांगायचंस की!"

"सांगितलं होतं. तर म्हणतो कसा, ताईचं मन किती मोठं!"

"आत्या, हा शब्द बाबांनीच लिहिलाय. लिहिताना सारखे डोळे पुसत होते."

"अगं बाई."

"अजून म्हणतात, ताईचं आपण काहीच करू शकलो नाही."

"वेडा आहे."

दुकानदाराने मान वर केली.

"बाई, कोरायला घेतोय. काढू ना तो शब्द?"

"राहू द्या हो. एवढा एक त्याग करून टाकते."