सहा तासांची कंबर

नाही नाही, लोणचं म्हणू नका! किमजांगला लोणचं म्हणणार असाल तर मी इथंच थांबतो. लोणचं एका बाईनं एका दुपारी एका बरणीत घालायचं. किमजांग म्हणजे हिवाळा तोंडावर आला की अख्ख्या कुळानं अंगणात उकिडवं बसायचं आणि मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानांत मिरचीचा मसाला भरायचा, चार घरांना वसंतापर्यंत पुरेल इतका! चाळीस वर्षं मुलांना जुने चिनी ग्रंथ शिकवले मी, शब्द तोलून वापरायची खोड आहे. आणि तुम्हाला सांगतो, या एका शब्दापासून मी आठ वर्षं सुरक्षित होतो... कंबरेच्या कृपेनं!

कंबर खरीच दुखायची हो! डॉक्टर प्यो, माझ्या धाकट्याच्या वयाचे, विचारतात, "गुरुजी, शून्य ते दहा, किती दुखतं?" आता वाकलं की सणक, बसलं की ठणक, शिंकलं की कळ... तिघींना मिळून एकच आकडा? मी म्हटलं, "शब्द चालेल का?" तर म्हणे, "आकडाच लागतो." आठ म्हटलं, सुटलो.

कुठला सुटतोय! म्हणाले, कण्याच्या सांध्यांजवळच्या बारीक नसांवर माझा संशय आहे. आज सुईनं त्या बधिर करून बघू. चिरफाड नाही, टाके नाहीत. दुखणं थांबलं तर पुढच्या आठवड्यात तशाच सुईनं त्या नसा जाळून टाकू. "मात्र आजचा अंमल सहा तासांचाच. तेवढ्यात, एरवी जे केल्यानं दुखतं, नेमकं तेच करा, आणि तासातासाला या कागदावर आकडा लिहा."

नेमकं तेच करा! कुठल्या दिवशी? नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, आमच्या किमजांगचाच! कुणासमोर? माझ्या बायकोसमोर! आणि तपासणीची वेळ कुणी घेतली होती? जाऊ द्या...

अंगणात मेहुणी, ग्योंग-रान, कोपरापर्यंत लाल. "अगंबाई! भाऊजी, तुम्ही आणि उकिडवे?" मी तोंड उघडायच्या आत माझी बायको ओक-बून म्हणते, "डॉक्टरांनीच सांगितलंय!" ओले कोबी टोपल्या भरभरून उचलायचे? डॉक्टरांनीच सांगितलंय! मांडीएवढे मुळे किसायचे? डॉक्टरांनीच सांगितलंय! अहो, त्या बिचाऱ्या डॉक्टरांनी मुळ्याचं नाव तरी काढलं होतं का?

आणि कंबर? फितूर! पहिला तास, शून्य. दुसरा तास, शून्य. आठ वर्षांत प्रथमच पडलेला चमचा मी स्वतः वाकून उचलला, आणि खरं सांगू का, पुन्हा मुद्दाम पाडून पुन्हा उचलला! पण मग डोकं चालू लागलं. शून्य लिहावं तर दुखणं जाईल, पण जन्मभर दर हिवाळ्यात हे अंगण. आठ लिहावं तर अंगण सुटेल, पण सणक, ठणक, कळ, तिघी घरीच राहतील... पेन माझ्या हातात! बघतंय कोण? टेकवलं मी ते, आठाचं पहिलं वळण काढायला...

तेवढ्यात ओक-बून पाण्याच्या घंगाळापासून उठली. कंबरेवर हात, दात आवळलेले, आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "आइगो..."

मी विचारलं, "तुझं किती?"

"काय किती?"

"शून्य ते दहा."

"कोबी किती राहिलेत ते विचारा! नसत्या चौकशा!"

आठ वर्षं मी आत उबेत लोडाला टेकून होतो, आणि ही बाहेर. मी शून्य लिहिलं. नंतरच्या तासांनाही. मग अंमल उतरला, तिघी परत आल्या, सोबत दोन नव्या घेऊन.

डॉक्टर खूश. म्हणाले, "नसा जाळू, पण वर्षभरात त्या पुन्हा वाढतात." मी आशेनं विचारलं, "म्हणजे... नोव्हेंबरात?" ओक-बून म्हणाली, "मग ऑक्टोबरातच येऊ की!" मी म्हटलं, "ये, आणि आधी स्वतःची कंबर दाखव." तर डॉक्टरांकडे बघून म्हणते कशी, "चालेल, पण किमजांगनंतर!"

आता ग्योंग-रान गावभर सांगत फिरते, 'सुईनं भाऊजींचं आठ वर्षांचं सोंग उघडं पाडलं, दीडशे कोबी उचलले त्यांनी!' साफ चूक. सोंग नव्हतं, दुखणं खरं होतं. आणि कोबी दीडशे नव्हते हो... एकशे ब्याऐंशी होते!