ते मला आवडतं

आमचं लग्न एका सर्वनामावरून अडलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलंय का? मी सोलापुरातल्या एका कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतो. संस्कृत-ग्रीकच्याही आधीची जी मूळ भाषा अभ्यासकांनी तर्काने उभी केली आहे, तिच्यात 'तो' म्हणजे सो, 'ती' म्हणजे सा आणि 'ते' म्हणजे तोद. पुढच्या विभक्तींत 'स' जाऊन 'त' येतो. हे सकाळी वर्गाकडून घोकून घेतलं आणि संध्याकाळी सुरेखाला मागणी घालायला तिच्या घरी बार्शीला गेलो.

तिचे वडील, आबा, शिरा पुढे करत म्हणाले, "आमची सुरेखा पसंत हाय न्हवं?"

आमच्या घरी तेलुगू बोलतात, आणि तेलुगूत बाईला आणि वस्तूला एकच सर्वनाम चालतं. घाबरल्यावर तीच सवय तोंडात आली. मी म्हणालो, "ते मला लई आवडतं."

आबांनी माझ्या बशीकडे पाहिलं आणि आणखी शिरा वाढला. मी पुन्हा तेच बोललो. त्यांनी पुन्हा वाढला.

शेवटी सुरेखाच दारात येऊन म्हणाली, "आबा, त्यांना शिरा नकोय. मी हवीय."

आबांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तसं सांगावं की."